बेचाळीस फुटी करकोचा आणि त्याचा मिस्त्री

समजा, तुम्हाला एका पक्ष्याचा डोळा रंगवायचा आहे. पक्षी सिमेंटचा, बेचाळीस फूट उंच. डोळा जेवणाच्या ताटाएवढा. शिडी लावून तुम्ही पाठीपर्यंत चढता, मानेभोवती दोर टाकता, दोराला बांधलेल्या फळीवर बसता आणि एका हाताने फळी, दुसऱ्या हाताने ब्रश धरून वर सरकता. कमरेला काळ्या रंगाचा डबा. आता डोळा नाकासमोर हातभर अंतरावर आहे, आणि नेमका म्हणूनच तो तुम्हाला दिसत नाही. दिसतो फक्त सिमेंटचा एक पांढरा उतार. तुम्ही काढताय तो गोल आहे की बटाटा, बुबुळ रस्त्याकडे बघतंय की आभाळाकडे, काही कळायला मार्ग नाही. खालून हायवेवरचे ट्रक जातात तेव्हा फळी थरथरते. खालच्या माणसाने ओरडून सांगावं, तर ऐकू येत नाही.

मग काय कराल?

मिस्त्रींनी यावर जो उपाय काढला होता तो म्हणजे त्यांची बायको आणि एक छत्री. मिस्त्रीणबाई रस्ता ओलांडून पलीकडे, दोनशे फुटांवर जाऊन उभ्या राहायच्या. छत्री उघडली की ब्रश वर, मिटली की खाली. डाव्या हातात धरली की डावीकडे, उजव्या हातात धरली की उजवीकडे. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली की, बास, हात लावू नका, उतरा.

पहिल्या वर्षी एक गोष्ट ठरवायची राहून गेली. डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? मिस्त्रींचं तोंड पक्ष्याकडे असतं, तेव्हा दोघांची डावी बाजू एकच. पण मिस्त्री दर वेळी मान वळवून बायकोकडे बघायचे आणि तशाच वळलेल्या मानेने हात चालवायचे. दोन तासांनी खाली उतरून बघतात तर करकोचा तिरळा! उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळं गाव हसलं. मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "मी बरोबर दाखवत होते. लग्नाला सोळा वर्षं झाली, यांना अजून माझी डावी-उजवी कळत नाही."

मी त्या गावात गेले ती या घटनेला सव्वीस वर्षं झाल्यावर. मिस्त्री तेव्हा सत्तरीला टेकले होते. बारीक, वाकलेले, हाताच्या तळव्यांवर सिमेंटने पडलेल्या भेगा, बोलताना समोरच्याकडे न बघता समोरच्याच्या मागच्या भिंतीकडे बघायची सवय. भिंत ओळंब्यात आहे का, एवढंच ते बघत असावेत.

गाव म्हणजे हायवेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली एक लांबट वस्ती. एक बस डेपो, एक सिमेंटचं गोदाम, सायकल दुरुस्तीची तीन दुकानं, एक लॉज. लोक या गावाजवळून जायचे, गावात कुणी यायचं नाही. त्या काळचे नगराध्यक्ष हुशार, हौशी आणि थोडे बढाईखोर. बाहेरगावी कुठेतरी त्यांनी रस्त्याच्या कडेला उभा केलेला एक राक्षसी बूट पाहिला. त्या बुटापुढे फोटो काढायला गाड्या थांबलेल्या पाहिल्या. परत आले ते डोक्यात तेच घेऊन. गावाजवळ एक पाणथळ होती, तिथे पूर्वी करकोचे यायचे. पाणथळ बुजवून डेपो बांधला, करकोचे यायचे थांबले. तेव्हा करकोचाच करायचा ठरलं.

नकाशा नव्हता. इंजिनियर नव्हता. अध्यक्षांनी मिस्त्रींच्या हातात वीतभर उंचीचं एक लाकडी खेळणं ठेवलं. "याच्या पन्नासपट कर. अगदी असाच."

मिस्त्रींनी दोऱ्याला गाठी मारून खेळण्याची मापं घेतली. मान एवढी, पंख एवढा, चोच एवढी. पायांपाशी ते अडले. खेळण्याचे पाय आगकाडीसारखे. पन्नासपट केले तरी जेमतेम चार इंच जाड.

"अध्यक्ष, एवढ्या पायांवर कोंबडी उभी राहायची नाही."

"खेळणं उभं राहतंय की."

"खेळण्याला वजन कुठंय? हे पन्नासपट उंच केलं की वजन पन्नासपट नाही वाढत. त्याच्या कितीतरी पुढे जातं."

"किती पुढे?"

"ते मला सांगता यायचं नाही. पण परातीला ठोके मारून हंडा होत नाही, एवढं कळतं."

उंची पन्नासपट झाली की वजन पन्नासाच्या तिहेरी गुणाकाराने वाढतं आणि पायाचा छेद फक्त दुहेरी गुणाकाराने, हे मला कॉलेजच्या तिसऱ्या सत्रात फळ्यावर लिहून शिकवलं गेलं. परीक्षेत त्यावर आठ गुणांचा प्रश्न होता. मिस्त्री शाळेत चौथीपर्यंत गेले होते. त्यांनी बारा इंची लोखंडी पाइप आणले, आतून पोकळ, भिंतीची जाडी दहा मिलिमीटर, खाली जाड पत्र्याचा तळ आणि त्याखाली माणूसभर खोल पाया. वर सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर दीड इंच सिमेंटचा थर. पोट पोकळ. करकोचा उभा राहिला तेव्हा लोक म्हणाले, "पायाला हत्तीरोग झालाय याच्या." लोकांनी पक्ष्याचं नाव लंबू ठेवलं आणि हत्तीरोगाचं विसरून गेले.

लंबूने गावाचे दिवस पालटले हे खोटं नाही. बसवाले दहा मिनिटं थांबायला लागले. मोटारी थांबायला लागल्या. लोक त्याच्या पायांमध्ये उभं राहून फोटो काढायचे, मुलं पायांना मिठ्या मारायची, हात पोचत नाही म्हणून रडायची. लॉजने एक मजला वाढवला. गावातल्या माणसाला परगावात कुणी विचारलं, "कुठले?" तर तो सांगायचा, "करकोच्याच्या गावचा," आणि समोरचा म्हणायचा, "अरे, हो हो." असं ओळखीचं "हो हो" या गावाला आधी कधी मिळालं नव्हतं. नगरपालिकेने मिस्त्रींना लंबूची देखभाल दिली. दर वर्षी रंग, कुठे पोपडा सुटला तर डागडुजी. पुढे त्यांच्या मुलीने लंबूच्या डाव्या पायाला टेकून पत्र्याचं एक दुकान टाकलं. चहा, बिस्किटं, थंड पेयं आणि वीतभर उंचीचे प्लॅस्टिकचे करकोचे.

आता त्या भोकाबद्दल.

कितीही चांगलं काम करा, पोकळ वस्तूच्या आत पाणी शिरतंच. केसाएवढ्या भेगेतून शिरतं, झाकणाच्या फटीतून शिरतं, काही नाही तर आतली हवा गार होऊन भिंतींना दव धरतं. मिस्त्रींना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी पोटाच्या सगळ्यात खालच्या जागी, दोन पायांच्या बरोबर मधे, अंगठ्याएवढं भोक ठेवलं होतं. पायांचे पाइप पोटात चार बोटं वर काढलेले, म्हणजे पोटात पाणी साठलं तरी पायांत उतरणार नाही, भोकातून बाहेर जाईल. साधं, स्वच्छ काम. मी ते ऐकलं तेव्हा मनात पूर्ण गुण देऊन टाकले.

पण भोक होतं पक्ष्याच्या दोन पायांच्या मधे, आणि पाऊस थांबल्यावर दोन दिवस त्यातून धार लागायची.

पुढचं सांगायला नको. मुलं धारेखाली डबे धरायची. बसमधले लोक खिडकीतून ओरडायचे, "डॉक्टरला दाखवा!" एकदा कुणी बडे पाहुणे आले, अध्यक्ष पायांमध्ये उभे राहून भाषण करत होते, आणि धार त्यांच्या टोपीवर. पेपरात फोटो आला. फोटोखालची ओळ मी इथे लिहीत नाही.

अध्यक्षांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. "उद्यापर्यंत ते बंद कर."

"पाण्याला वाट पाहिजे, अध्यक्ष."

"मग दुसरीकडून काढ. शेपटीतून काढ. मला काय सांगतोस?"

"शेपटीकडे उतार नाही. आतून नळी टाकून पायाच्या मागून खाली आणावी लागेल. परांचीचे बांबू परत बांधावे लागतील."

"ते सीझन संपल्यावर बघू. उद्या आधी हे बंद."

मिस्त्रींनी लाकडाची खुंटी ठोकली, वर सिमेंट लावलं, रंग दिला. तात्पुरतं. सीझन संपला. त्या वर्षी मिस्त्रीणबाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न. त्याच्या पुढच्या वर्षी अध्यक्ष हरले, आणि नंतर वारले. बांबू परत कधी बांधले गेले नाहीत.

"विसरलात?" मी त्यांना नंतर विचारलं होतं.

"विसरलो असतो तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "दर वर्षी रंग देताना तिथं हात फिरायचा. गुळगुळीत लागायचं. मनात म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की. एकवीस वर्षं म्हणालो."

दरम्यान हायवे गावाबाहेरून वळवला गेला. गाड्या आता चार किलोमीटर लांबून जातात, आणि तिथून लंबूची फक्त चोच दिसते, तीही आभाळ स्वच्छ असेल तर. लॉजचा वरचा मजला बंद झाला. गावातले मोठे झालेले लोक बाहेर पडले. दुकानात दिवसाला पाच-सात गिऱ्हाइकं, बहुतेक डेपोतले ड्रायव्हर. प्लॅस्टिकच्या करकोच्यांवर धूळ. मिस्त्री मात्र दर वर्षी रंग द्यायचे. नगरपालिकेने रंग देणं बंद केलं तेव्हा स्वतः आणून द्यायचे. मिस्त्रीणबाई पलीकडे छत्री घेऊन उभ्या. रस्ता इतका सुना की आता ओरडलं तरी ऐकू आलं असतं, पण सवय.

मग कुठल्यातरी दुसऱ्या गावात असाच एक मोठा पुतळा वाऱ्यात कोसळला. वरून हुकूम सुटला की रस्त्याकडेच्या सगळ्या अवजड प्रतिकृती तपासा, दाखला नसेल तर पाडा. दाखल्यासाठी माणसं हिंडायला लागली. त्यांतली एक मी. नोकरीला सात महिने झाले होते.

मिस्त्री डेपोवर घ्यायला आले होते. माझी बॅग त्यांनी हट्टाने उचलली. जाताना सगळं सांगत होते, दोऱ्याच्या गाठी, पन्नासपट, छत्री. मी हसत होते. भोकाबद्दल एक अक्षर नाही.

पायावर हातोडी ठोकली की आवाजावरून बरंच कळतं. पोकळ पाइप असेल तर आवाज घुमतो. डाव्या पायाला दुकानाचा पत्रा आवळलेला, म्हणून मी उजव्यावरच ठोकलं. घुमला नाही. ठप्प.

"आत काय आहे?"

मिस्त्रींनी माझ्या मागच्या दुकानाच्या पत्र्याकडे बघितलं. "काँक्रीट. भरून घेतलेत पाय. भरीव आहेत."

काँक्रीट भरलेला पाय म्हणजे प्रश्नच मिटला. मी वहीत लिहिलं, "दोन्ही पाय भरीव." त्यांच्या मुलीने चहा आणला. म्हणाली, "ताई, पास करा हं आमच्या लंबूला. नाहीतर बाबा जेवायचे नाहीत, आणि आई मला ओरडेल." मी म्हटलं, तसं दिसतंय तरी. ती खुशीत दुकानात गेली, आणि तिची चार वर्षांची मुलगी डाव्या पायाला पाठ लावून बसली होती तिला एक बिस्किट दिलं.

संध्याकाळी मिस्त्रींनी घरी नेलं. दीड खोली. फरशी मात्र अशी सपाट की तिच्यावर पाणी ठेवलं तरी कुठे ओघळायचं हे त्याला ठरवता येऊ नये. मिस्त्रीणबाईंनी वाढलं, आणि जेवताना सहज विचारलं, "मग हे काय म्हणाले तुम्हाला, पायांबद्दल?"

"भरीव आहेत म्हणाले. उत्तमच काम केलंय."

मिस्त्रीणबाईंचा हात वाढता वाढता थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री ताटात बघत होते. मग त्या भांडं खाली ठेवून आत निघून गेल्या. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

सकाळी सहाला मी लॉजच्या पायऱ्या उतरले तर मिस्त्री खाली बसलेले. शेजारी छिन्नी, हातोडी आणि बादली.

"पोरी, काल मी खोटं बोललो."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला भोकाची, खुंटीची, एकवीस वर्षांची सगळी गोष्ट सांगितली, ती मी वर लिहिली आहे. शेवटी म्हणाले, "आत काँक्रीट नाही. पाणी आहे. पोट तुंबलं आणि पाइपांच्या तोंडावरून ते पायांत उतरलं. त्यानंच आवाज दाबला."

"काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू पाडायला सांगितलं असतंस."

"आणि आज?"

"ही म्हणाली, तुम्हाला पक्षी हवाय की नात हवीय ते एकदा ठरवा. मी म्हटलं, एवढी वर्षं उभा आहे, आता काय होतंय. तर म्हणाली, मग तुम्ही त्याच्याखाली झोपा, पोरीला कशाला बसवता." त्यांनी छिन्नी उचलून बादलीत टाकली. "तिचं बरोबर आहे. पण पोरी, तो उभाय गं. बघ ना. उभा आहे."

आम्ही गेलो. मुलीला दुकान बंद ठेवायला सांगितलं. तिने कारण विचारलं, मिस्त्री म्हणाले, "वारं आहे." पानही हलत नव्हतं. तिने बापाकडे बघितलं, पोरीला उचललं आणि घरी गेली.

मिस्त्री स्वतः शिडीवर चढले. सिमेंट फोडलं, खुंटीला पाचर मारली. खुंटी कुजून लोण्यासारखी झालेली. ती सुटली आणि पोटातलं पाणी खाली आलं, काळपट, साचलेल्या टाकीसारखा वास. मिस्त्रींना बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही. ते तसेच भिजून शिडीवर उभे राहिले.

मग मी उजव्या पायाला तळाशी ड्रिल लावलं, सहा मिलिमीटरचं. पाण्याची चिळकांडी तीन हात लांब गेली. विटकरी पाणी. पाऊण तास वाहत होतं. डेपोतले ड्रायव्हर जमले. एकाने जुनी चेष्टा केली, "आता बरं वाटत असेल बिचाऱ्याला." कुणी हसलं नाही. मिस्त्री रस्त्याच्या कडेला बसून पाणी मातीत मुरताना बघत होते.

पाणी संपल्यावर प्लॅस्टर तीन ठिकाणी फोडलं. लोखंडाची जाडी मोजायचं माझं यंत्र साबणाच्या वडीएवढं आहे, त्याची चकती लोखंडावर टेकवली की आकडा येतो. तळाशी सात मिलिमीटर. छातीच्या उंचीला सहा. मिस्त्री हळूच म्हणाले, "दहातले सहा. वाईट नाही ना?" वाईट नव्हतं. मग शिडीवरून दहा फुटांवर मोजलं. पाणी जिथे वर्षानुवर्षं वर-खाली होत राहतं, जिथे लोखंडाला पाणीही मिळतं आणि हवाही, तिथे गंज सगळ्यात जास्त खातो.

दोन पूर्णांक आठ.

मी पुन्हा टेकवलं. शेजारी टेकवलं. दोन पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक सहा.

"किती?" खालून आवाज आला.

मी आकडा सांगितला. मिस्त्रींनी अंगठा आणि बोट जवळ आणून तेवढी जागा करून बघितली. त्यातून जेमतेम उजेड दिसत होता.

"आणि दुसरा?"

डाव्या पायाला दुकान चिकटलेलं होतं. पत्रा पायालाच पट्ट्यांनी आवळलेला, आत फळ्या, फ्रीज, सामान. ते सगळं सोडवायला अर्धा दिवस गेला असता. माझी परतीची एकच बस होती, दोनची. आणि खरं सांगायचं तर गरज नव्हती. नियम साधा आहे, एक पाय नापास तर पक्षी नापास.

"गरज नाही मिस्त्री. एकावरच ठरतं."

"बरं," ते म्हणाले. माझी बॅग उचलून डेपोपर्यंत आले. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "तू तुझं काम केलंस. मनाला लावून घेऊ नकोस." खरंतर हे मी त्यांना म्हणायला हवं होतं.

अहवाल दिल्यानंतर अकराव्या दिवशी लंबू उतरवला. मी तिथे नव्हते, हे सगळं मला मिस्त्रींच्या मुलीने सांगितलं. क्रेन आली, गॅसने कापणारे आले. सांगाड्याचे सांधे कुठे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण नकाशाच नव्हता. नगरपालिकेच्या साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी खडूने खुणा करून दिल्या. मान इथे कापा, पंख इथून सुटेल, इथे जोर लावू नका, फिरेल. क्रेनवाला म्हणाला, "काका, एकदम पक्कं काम होतं हो तुमचं. तोडायला जीव जातोय." त्याला कौतुकच करायचं होतं.

मान उतरली, तेव्हा मिस्त्रीणबाईंना तिथे चक्कर आली. मिस्त्री त्यांना घेऊन घरी गेले, पाणी पाजलं, पंखा लावला, त्या झोपेपर्यंत पायाशी बसले. दुपारी तीनला परत आले, तर पोट आणि दोन्ही पाय उतरवून भंगाराची गाडी निघूनही गेली होती. पायांचे खुंट जमिनीलगत कापून, कुणी पडू नये म्हणून त्यांत काँक्रीट ओतून टाकलेलं. अजून ओलं होतं. मिस्त्री वाकले आणि त्यांनी ते थापीने सारखं केलं. वेडंवाकडं राहिलेलं त्यांना बघवत नाही.

मुलीने आता डेपोच्या भिंतीला दुकान लावलंय. चहा चालतो. प्लॅस्टिकचे करकोचे एका खोक्यात आहेत, ती म्हणते, टाकवतही नाहीत.

मिस्त्रींचा मला पहिला फोन आला तो याच्या तीन आठवड्यांनी. आधी माझी, माझ्या आईची, नोकरीची चौकशी केली. मग म्हणाले, भंगारवाल्याकडे जाऊन आलो. त्याच्याकडून माल पुढे कारखान्यात गेला. कारखान्यापर्यंत गेलो, फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही. म्हणाला, आजोबा, ते कधीच वितळलं.

"कशाला गेला होतात?"

"मला एक आठवलं पोरी. पायांचे पाइप पोटात चार बोटं वर काढले होते, सांगितलं ना तुला? तर डावा पाइप कापताना आमच्याकडून जरा जास्त राहिला होता. सहा बोटं असेल. सात असेल. हेल्पर म्हणाला, कापू का? मी म्हटलं, राहू दे, आत कोण बघतंय. की तो उजवा होता? मला नक्की आठवत नाही. पण डावा असेल, तर त्यात पाणी गेलंच नसेल. गेलं तरी थोडं. मग तो चांगला असेल. दहाचा दहा असेल. मग एकच पाय बदलायचा होता ना गं? टेकू लावून बदलला असता. मी अजून करू शकतो तेवढं. आणि डावा पण तसाच सडलेला असेल, तर तो कधीतरी पोरीच्या दुकानावरच पडला असता, मग आपण केलं तेच बरोबर."

मी म्हटलं, मिस्त्री, नियमाने तरीही पाडावाच लागला असता.

"नियमाचं नाही विचारत मी."

मागे मिस्त्रीणबाई "पुरे आता, त्या पोरीला कामं असतील" असं काहीतरी म्हणाल्या. मी त्या सहा बोटांचा हिशेब नंतर तीनदा करून पाहिला. भोकाची पातळी, पोटाचा उतार, वर्षाला साठणारं पाणी. एकदा पाय कोरडा राहतो, दोनदा राहत नाही, सगळं त्या एका बोटावर अडतं, आणि ते मोजायचं लोखंड आता कुठल्यातरी दुसऱ्याच वस्तूत आहे.

अजून ते महिन्या-दीड महिन्याने फोन करतात. इकडचं तिकडचं बोलतात, गुडघा दुखतो म्हणतात, नातीला शाळेत घातली म्हणतात. मी वाट बघत असते, आणि फोन ठेवायच्या आधी ते येतंच, अगदी सहज विचारल्यासारखं:

"पोरी, डावा पाय आतून कसा असेल गं?"